सुनावणी, मंगळवार, सव्वादहा

टोलेडोच्या आमच्या गल्लीत बर्फ आता मळका झालाय.
पत्रपेटीचं झाकण गोठून बसतं,
उलथन्यानं उचकटावं लागतं.
आत मेडिकेडचं पाकीट.
आठवड्याला पंचवीस तास मागितले होते शाल्मलीसाठी.
मिळाले शून्य.
कारण: थेरपीची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही.

गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात आपल्यात.
इथे वैद्य ठणठणीत आहे,
चार पानी पत्र देऊन सांगतोय, गरज आहे,
आणि गरजच मारून टाकलीय
कुणीतरी कोलंबसमध्ये बसून.

क्लिनिकच्या बाकावर रोझेटा भेटते,
मुलासाठी दोन अपिलं जिंकलेली.
पर्समधून चिप्सचं पाकीट काढत म्हणाली,
चांगलं एक अक्षर लिहू नकोस.
सगळ्यात वाईट दिवस आठव
आणि तो रोजचा आहे असं लिही.

लिहिलं.
चावते. स्वतःला, मलाही.
हाक मारली तर वळत नाही.
रस्ता म्हणजे काय ते कळत नाही.
पांढरं तेवढंच खाते: भात, दही, ब्रेडचा मधला भाग.
सहा वर्षं पूर्ण. शब्द: एकही नाही.

तुरीची डाळ या डब्यातून त्या डब्यात ओतत बसते
तास तास,
धारेला कान लावून,
आणि शेवटचे चार दाणे पडताना डोळे मिटते,
तेही लिहिलं,
'पुनरावर्ती वर्तन' या रकान्यात.
डोळे मिटण्याला रकाना नव्हता.

स्पीचवाल्या बाई म्हणाल्या होत्या, घरात एकच भाषा ठेवा.
ठेवली.
तीन वर्षं तिच्याशी इंग्रजीत जेवले, इंग्रजीत रागावले,
अंगाईसुद्धा पुस्तकातली, अडखळत.
फक्त काही करपलं, उतू गेलं, हातून निसटलं
की तोंडातून मराठी.
तेवढी गळती राहिली.

मंगळवार, सव्वादहा. सुनावणी फोनवर.
गिरीधर काचेच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला,
बूट न काढता माझ्या शेजारी.
सरकारी डॉक्टर अकरा मिनिटं बोलले.
तिला कधी पाहिलेलं नाही.
तिचं नाव तीनदा घेतलं, तीन तऱ्हांनी.

मग न्यायाधीश बाईंनी मला विचारलं,
आवाज वाईट नव्हता त्यांचा:
मुलगी बोलते का?

नाही, म्हणाले मी,
आणि स्वयंपाकघरात डबा कलंडला.
फरशीभर डाळ.

सांडलं.

माझ्याच आवाजात,
माझ्या वैतागासकट,
शेवटच्या ल वर माझाच हेल.

गिरीधरनं माझं मनगट धरलं.
फोनमधून विचारलं, तिथे आणखी कोणी आहे का?
शपथ घेतलेली होती मी, उजवा हात वर करून,
कुणी बघत नसताना.
म्हणाले, काही नाही,
काहीतरी पडलं.

अठरा तास मंजूर झाले.
रोझेटानं मिठी मारली, केक आणला, वर निळं आयसिंग.
सोबत कार्यवृत्ताची प्रत.
पान सात, माझ्या 'नाही'च्या खाली:
पार्श्वभूमीला आवाज. अस्पष्ट.

चूक असल्यास दहा दिवसांत कळवावं, असं तळाशी छापलंय.
आज नववा.

फ्रिजखालून अजून दाणे निघतात.
दुपारी मी ओट्यावरची वाटी
मुद्दाम कोपरानं ढकलली,
आणि थांबले.
तिनं डाळीकडे पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं, हे नक्की.
मग खाली बसून एक एक दाणा उचलू लागली.

सोमवारी नऊला पहिली थेरपी.
घरी कुठली भाषा बोलता, ते पुन्हा विचारतील.